युरेल पास घ्यायचा का? आधी देश कमी करा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहिते, चुकत असेन तर सांगा. तुम्ही नेरुळचे, नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि त्रेसष्ट वर्षांच्या आई. मे महिन्यात सोळा दिवस, टूर कंपनी नको, सगळा प्रवास ट्रेनने, बजेट माणशी दोन लाख. लिस्टमध्ये पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम. आणि शेवटी विचारलंय की "बाकी सगळं आम्ही बघतो, फक्त एवढं सांगा, युरेल पास घेऊ की सुटी तिकिटं?"

बाकी सगळं तुम्ही बघताय तिथेच तर गडबड आहे. युरेल पास म्हणजे ठरावीक दिवस अनेक देशांच्या गाड्यांत चालणारं एकच तिकीट, आणि त्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मी गेली अकरा वर्षं स्वतः जाते आणि नौपाड्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांचे रूट बसवून देते, आणि दर वेळी लोक तिकिटापासून सुरुवात करतात, जसं काही ट्रेनच महाग आहे. ट्रेन महाग नाही हो, वेडावाकडा रूट महाग पडतो. खाली हिशेब देते मग पटेल.

तुमची लिस्ट नकाशावर टाकून बघा. सात देश, आठ शहरं, सोळा दिवस, त्यातले जायचे-यायचे दोन गेले. प्रत्येक वेळी शहर बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, दहा-अकराला चेकआउट, स्टेशन, चार-सहा तास गाडी, पुढचं हॉटेल तीनशिवाय खोली देत नाही, तोवर आई लॉबीत बॅगांवर लक्ष ठेवून बसलेल्या. आठ शहरं म्हणजे असे सात दिवस. राहिले किती? सात. म्हणजे एका शहराला एक दिवससुद्धा धड नाही आणि त्यासाठी तुम्ही दोन लाख घालणार.

म्हणून एक रेघ ओढा. एका शहरात उतरा, दुसऱ्या टोकाच्या शहरातून परत उडा, मधे मागे फिरायचं नाही. विमानाचं तिकीट बघताना रिटर्न न टाकता मल्टी-सिटी टाका, मुंबई-प्राग आणि व्हेनिस-मुंबई असं, गल्फमधून एक स्टॉप घेऊन बहुतेक वेळा साध्या रिटर्नच्या आसपासच पडतं.

हो, मी प्राग आणि व्हेनिस म्हटलं, पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, रोम उडवलं. राग येणार माहितेय. पॅरिस ठेवायचंच असेल तर मग पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली अशी दुसरी रेघ होते, पण ती तिन्ही ठिकाणं महागडी आणि फ्रान्स-इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असला तरी रिझर्वेशनचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तुमच्या बजेटला आणि आईंच्या गुडघ्यांना मी हे सुचवते: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना चार, साल्झबर्ग दोन, स्वित्झर्लंडमध्ये कूर तीन, मिलान एक, व्हेनिस दोन. पंधरा रात्री. चार देश, आणि व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, झाला स्लोव्हाकिया, पाच. शिवाय साल्झबर्गहून इन्सब्रुककडे जाणारी गाडी जर्मनीचा कोपरा कापून जाते आणि पुढे स्विस हद्दीत शिरण्याआधी लिख्टेनस्टाइनमधून न थांबता निघून जाते, म्हणजे आकड्याचीच हौस असेल तर खिडकीतून सात भरतात. माझ्या सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात की जर्मनी बघितली.

आता गाड्यांचं. प्राग-व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना-साल्झबर्ग अडीच, साल्झबर्ग ते कूर एक गाडी सारगान्सला बदलून पाच तासांच्या आसपास. ह्या सगळ्या दिवसाच्या गाड्या आहेत, टेबलाची सीट घेतली की मुलगी चित्रं काढत बसेल. ऑस्ट्रियाच्या रेलजेट नावाच्या फास्ट गाडीला फॅमिली झोन असतो, त्यात मुलांसाठी छोटासा सिनेमा चालू असतो, तिथल्या सीट घ्या. आणि रूहेत्सोन असं लिहिलेला भाग चुकूनही घेऊ नका, तो शांतता पाळायचा डबा, आपण चौघं डबा उघडून "चटणी कुठे ठेवलीस" इतकं बोललो तरी लोक मान वळवून बघतात. सीट रिझर्वेशन तिथे तीन युरोपासून आहे, सक्तीचं नाही, पण चार जण एकत्र बसायचे असतील तर करा. आपल्याकडे तिकीट म्हणजे सीट आली नाहीतर वेटिंग. तिकडे तिकीट वेगळं आणि सीट वेगळी, सीट न घेता पण तुम्ही गाडीत चढू शकता, मिळाली जागा तर बसा नाहीतर उभे राहा, कर्जत लोकलसारखं.

तिकिटाचे दरही विमानासारखे हलतात. आपल्याकडे साठ दिवस आधी रिझर्वेशन उघडतं आणि भाडं बहुतेक गाड्यांना ठरलेलं, शेवटच्या क्षणी तत्काळचा खेळ. तिकडे साधारण तीन ते सहा महिने आधी उघडतं, सुरुवातीला स्वस्त कोटा असतो (ऑस्ट्रियात त्याला श्पारशीन म्हणतात), तो संपला की तेच तिकीट दुप्पट-तिप्पट. एक कानमंत्र: दोन देशांमधली गाडी असेल तर दोन्ही देशांच्या रेल्वेच्या साइटवर दर बघा. प्राग-व्हिएन्ना चेक रेल्वेच्या साइटवर आणि ऑस्ट्रियाच्या ओबीबीवर, तीच गाडी तोच डबा, दर कधी कधी वेगळा. त्याच रूटवर रेजिओजेट नावाची खासगी गाडी पण आहे. ते मधले अ‍ॅप सगळं एका जागी दाखवतात ते शोधायला बरे, पण वर फी लावतात, घ्यायचं तिकीट मूळ साइटवरूनच.

बरं, आता पास. युरेल हा आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी, इंटररेल तिथे राहणाऱ्यांसाठी, तुमचा कोणी भाचा जर्मनीत असेल तर त्याचा सल्ला म्हणून थेट चालत नाही. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. तुम्हाला प्रवासाचे दिवस पाच लागतील. महिन्यात पाच दिवसांचा सेकंड क्लासचा पास मोठ्या माणसाला साधारण ३२० युरो, साठच्या पुढे दहा टक्के सूट म्हणून आईंचा २९०च्या आसपास, आणि मुलगी बाराच्या आतली म्हणून फुकट (तिचाही पास काढावा लागतो, शून्याचा). झाले ९३०. सुटी तिकिटं लवकर घेतली तर एका मोठ्या माणसाला अंदाजे असं: प्राग-व्हिएन्ना २५, व्हिएन्ना-साल्झबर्ग २५, साल्झबर्ग-कूर ४०, कूर ते तिरानो (इटलीच्या हद्दीवरचं गाव) ५५, तिरानो-मिलान १३, मिलान-व्हेनिस २०. बेरीज १७८. तिघांचे ५३४, मुलीचं निम्मं धरा ८९, म्हणजे ६२३ युरो. ब्रातिस्लाव्हाचं तिकीट किरकोळ आहे, ते तिथेच काढा. पास तीनशे युरोने महाग. मी हिशेबाला युरो ११० रुपये धरते, म्हणजे तेहतीस हजार वाचले. पासाची गंमत कुणाला? ज्याला आज इथे उद्या तिथे असं मनाला येईल तसं फिरायचंय, जो सत्तावीस किंवा त्याहून लहान आहे, किंवा ज्याने तिकिटं काढायला इतका उशीर केलाय की स्वस्त कोटा संपलाय. तुमचा रूट पक्का असला तर तुम्हाला नको.

आणि आता तो एकूण हिशेब, ज्यासाठी एवढं पुराण लावलं. माणशी: विमान ६५ हजार, शेंगेन व्हिसा (ह्या सगळ्या देशांना मिळून एकच) ९० युरो आणि सेंटरचा सर्व्हिस चार्ज मिळून साडेबारा (मुलीची फी निम्मी), इन्शुरन्स दोन हजार, ट्रेन मोठ्या माणसाला वीस, राहणं पंधरा रात्रींचं चौघांत १२० युरो रात्रीप्रमाणे धरून माणशी ४९-५० हजार, खाणं आणि शहरातल्या बस-मेट्रो दिवसाला ३० युरो म्हणजे ५३, तिकिटं-म्युझियम दहा. दोन लाख बारा-तेरा हजार. ह्यात ट्रेन किती? दहा टक्केसुद्धा नाही! तुम्ही पासवरून डोकं खाजवत होतात आणि पैसा चाललाय झोपायला आणि खायला. म्हणून वाचवायचं असेल तर तिथे वाचवा.

झोपायचं म्हणजे किचन असलेलं अपार्टमेंट नाहीतर मोठ्या चेन हॉस्टेलांमधल्या फॅमिली रूम. हॉस्टेल म्हटलं की आईंना वाटेल कॉलेजची पोरं, पण चार बेडची स्वतंत्र खोली आणि आत बाथरूम असं मिळतं. आणि व्हेनिसमध्ये राहू नका, मेस्त्रेला राहा. मेस्त्रे म्हणजे व्हेनिसचं ठाणं समजा, नोकरी-धंदा तिकडे आणि राहायला इकडे, दहा मिनिटांत पूल ओलांडून गाडी सांता लुचिया स्टेशनला सोडते आणि स्टेशनच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर थेट कालवा. खोलीचे दर बरेच उतरतात. स्वित्झर्लंडच्या तीन रात्री मात्र १२०त बसणार नाहीत, ती कसर प्रागमध्ये भरून निघते असं धरलंय.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते कारण इथे लोक विमानतळावर फसतात. बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तुपाची बाटली, पेढे, खवा, पनीर, सगळं घरी. आणि मे महिना, म्हणजे कोणीतरी "अहो हापूस घेऊन जा ना" म्हणणारच, तर आंब्याला रोगमुक्तीचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, ते नसलं की तुमची पेटी तिकडच्या कचऱ्यात. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, पोहे, तेलावर परतलेला उपम्याचा रवा हे खुशाल न्या. मी एक छोटा इलेक्ट्रिक कुकर नेते, व्हिएन्नात पहिल्या संध्याकाळी मऊ भात, मेतकूट आणि तिकडचं लोणी, ते लोणी खाऊन माझ्या सासूबाईंनी तुपाचा विषय परत काढला नाही. बाकी सुपरमार्केट आहेतच, बिला, स्पार, लिडल. फक्त ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, आणि मे-जूनमध्ये असेन्शन, व्हिट मंडे, कॉर्पस क्रिस्टी अशा सुट्ट्या येतात, तेव्हाही बंद आणि गाड्या मात्र खचाखच. मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफमधलं स्पार रविवारी चालू, तिथे अख्खं शहर रांगेत. पाणी विकत घेऊ नका, व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं.

बॅगांचं. तिकडे हमाल नाहीत, गाडीच्या दाराला पायऱ्या असू शकतात, प्लॅटफॉर्म खालीच. माझी परीक्षा सोपी आहे: भरलेली बॅग घेऊन ठाणे स्टेशनला जा, दुपारी बारा वाजता जा सकाळी नको, प्लॅटफॉर्म एकवरून पुलाने चढून दहावर उतरा, ज्याची बॅग त्याने. ज्याला ते जमलं नाही त्याने बॅगेतून काढा. आईंची बॅग तुम्ही उचलणार असाल तर तुमची अजून हलकी करा. प्रत्येकी एक, केबिन साइज, बस.

स्टेशनात पाटी वाचायची सवय लागते. शहरांची नावं तिथल्या भाषेत असतात, व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, आणि चेक पाटीवर व्हिएन्ना म्हणजे विडेन. सगळ्यात भारी इटलीत, म्युनिकला इटालियन लोक मोनाको म्हणतात, त्यावरून भलत्या देशाला निघालेले मी बघितलेत. शिवाय एका शहरात अनेक स्टेशनं. कुर्ला आणि एलटीटी एकच नाही हे आपल्याला माहितेय ना, तसंच व्हिएन्नात हाउप्टबानहोफ, वेस्टबानहोफ, माइडलिंग. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते पूर्ण वाचा.

माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्याच ट्रिपला एका लांब पल्ल्याच्या गाडीत आम्ही दोघं धावत चढलो, जागा मिळाली, डबा उघडला. गाडी बरोबर, वेळ बरोबर, नंबर बरोबर. तासा-दीड तासाने एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली, मग एक धक्का बसला आणि समोरच्या आजीबाईंनी आमच्याकडे बघून काहीतरी विचारलं, त्यातला गावाचा शब्द तेवढा कळला. गाडी दोन तुकड्यांची होती. पुढचा तुकडा आमच्या गावाला निघून गेला आणि आम्ही मागच्यात बसून थालीपीठ खात होतो. तिकिटाची पुढची जोडगाडी मी वेगळी काढली होती, दोन युरो वाचतात म्हणून, मधे नऊ मिनिटं ठेवून. ती गेली, नवीन तिकीट एकोणसाठ युरो. तेव्हापासून दोन नियम: दारापाशी त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय चढायचं नाही, आणि गाडी बदलायची असेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढायचं. एकच तिकीट असलं आणि पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी चुकली तर पुढच्या गाडीने न्यायची जबाबदारी त्यांची, आणि मुक्कामी तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात, तसा युरोपचा कायदाच आहे. तिकडे गाड्या घड्याळ लावून धावतात हा आपला समज आता सोडा, जर्मनीत २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. स्वित्झर्लंडचं वेगळं.

आता तुमच्या मुलीचा आणि आईंचा खरा दिवस. आईंना बर्फ बघायचंय असं तुम्ही लिहिलंय आणि सगळे लगेच युंगफ्राउयोख (बर्फाच्या डोंगरावरचं रेल्वे स्टेशन) सांगतात. इंटरलाकेनहून वर जाऊन यायला दोनशे फ्रँकच्या वर, म्हणजे माणशी वीस हजार पार. त्यापेक्षा मी तुम्हाला कूरला ठेवलंय ते कूर ते तिरानो ह्या लाइनसाठी. हिचा मोठा भाग युनेस्कोच्या यादीत २००८ पासून आहे. मीटरगेज, लाल गाडी, दात असलेला रूळ नाही, तरी सात टक्के चढ चढून २२५३ मीटरवर जाते आणि मग खाली इटलीत ४२९ मीटरवर उतरते. आपली माथेरानची राणी १९०७ ची, ह्या रूटचा दुसरा टप्पा असलेली बर्निना लाइन १९१० ची, साधारण एकाच पिढीतल्या. मोठ्या काचांची बर्निना एक्स्प्रेस सगळ्यांना माहीत आहे, तिला वर वेगळे रिझर्वेशनचे पैसे लागतात आणि काचा उघडत नाहीत. त्याच रुळावर साध्या गाड्या पण धावतात, एकदा बदलावी लागते, जादा पैसे नाहीत, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. मे महिन्यात वरच्या टप्प्यात रुळाला लागून बर्फ असतो, लागो बियांको तळं गोठलेलं असू शकतं, आल्प ग्रुमला समोर हिमनदी दिसते. तिथे उतरा, आईंच्या हातात बर्फाचा गोळा द्या, पुढची गाडी तासाभराने. मग ब्रुसियोला गाडी एका गोल दगडी पुलावरून स्वतःभोवतीच वळसा घालते, मुलीला सांगून ठेवा डोकं बाहेर न काढता मागचे डबे बघायला. तिरानोत शिरताना ती चक्क रस्त्यावरून, चर्चसमोरून जाते, ट्रामसारखी. तिथे स्विस आणि इटालियन दोन स्टेशनं शेजारी शेजारी आहेत, मिलानची गाडी दुसऱ्यातून, अडीच तास, मधे बराच वेळ कोमो तळ्याच्या काठाने. इटलीतल्या त्या लोकल गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये टोचून घ्यायचं, विसरलात तर दंड.

रात्रीच्या गाडीचं विचारलं होतंत, हॉटेल वाचेल म्हणून. तुम्हाला मी नाही सांगणार. व्हिएन्ना-व्हेनिस नाइटजेट चांगली आहे, पण आईंना वरच्या बर्थची शिडी, आणि स्वतंत्र कप्पा घेतला की हॉटेलइतकेच पैसे होतात.

व्हिसा. नियम असा की ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, समान असतील तर जिथे आधी उतराल तिथे. वरच्या रूटमध्ये ऑस्ट्रियाच्या सहा रात्री, बाकी प्रत्येकी तीन, म्हणून ऑस्ट्रिया. हे बघा, रूट आधी ठरला की व्हिसाचं पण आपोआप ठरतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला पंधरा दिवस म्हणतात पण पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात, आणि मेच्या सुट्टीला अख्खी मुंबई रांगेत असते. स्वस्त ट्रेन तिकीट परत होत नाही, म्हणून क्रम असा ठेवा: डिसेंबर-जानेवारीत कॅन्सल करता येणारी हॉटेलं आणि इन्शुरन्स (किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं), लगेच व्हिसाची अपॉइंटमेंट, व्हिसा हातात आला की त्याच रात्री बसून सगळी तिकिटं. फेब्रुवारी उजाडला तरी मेचा स्वस्त कोटा बऱ्यापैकी शिल्लक असतो, फक्त सुट्टीच्या वीकेंडचा आधी संपतो, तेवढे दिवस टाळून प्रवासाचे वार लावा.

आणि हे सगळं करण्याआधी आज संध्याकाळी आईंचा पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघा. परत निघायच्या दिवसानंतर किमान तीन महिने चालायला हवा आणि दोन पानं कोरी. संपत आला असेल तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या.